रीड नेक्स्ट काही रेकॉर्ड गाळतो किंवा तेच तेच परत देतो: फाइलमधली जागा जपण्याचं दुखणं

रात्रीचा बॅच जॉब रिटर्न कोड शून्यवर, म्हणजे कुठलीही चूक न दाखवता, संपलेला असतो. सकाळी निरोप येतो, अमुक पाच पॉलिसींच्या नोटिसा निघाल्याच नाहीत. जॉब परत चालवला तरी त्याच पाच गळतात. पुढच्या महिन्यात भलत्याच गळतात. याच दुखण्याचं दुसरं रूप म्हणजे जॉब संपतच नाही. तेच रेकॉर्ड लिहीत राहतो, आउटपुट डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) भरतो आणि जागा संपल्याचा एसबी३७ अबेंड (जॉब मध्येच बंद पडणं) येतो, नाहीतर वेळेची मर्यादा संपून एस३२२. एसबी३७ दिसला म्हणून ऑपरेटर जागा वाढवून जॉब पुन्हा सोडतात आणि तासाभराने पुन्हा तोच अबेंड समोर येतो.

पुण्यात बसून झेड-ओएस या आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या विम्याच्या आणि बँकेच्या प्रणाली सांभाळताना हे मी तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये पाहिलंय. दर वेळी नवा माणूस नव्याने शोधतो, वरवरची मलमपट्टी करतो आणि काही महिन्यांनी ते परत उगवतं. तिन्ही ठिकाणी मूळ एकच होतं. प्रोग्रॅम फाइलमध्ये जिथे होता ती जागा सोडून मध्येच दुसरीकडे गेला आणि परत नीट आला नाही. म्हणून एकदा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

नेमकं काय होतं

पॉलिसी मास्टर ही व्हीसॅमची (झेड-ओएसवर फाइल साठवण्याची एक पद्धत) केएसडीएस, म्हणजे कीच्या क्रमाने रेकॉर्ड ठेवणारी फाइल आहे, पॉलिसी नंबर ही तिची की. कोबोल प्रोग्रॅममध्ये ॲक्सेस मोड डायनॅमिक, म्हणजे क्रमानेही वाचता येतं आणि कीने थेटही. प्रोग्रॅम रीड नेक्स्टने, म्हणजे क्रमातला पुढचा रेकॉर्ड देणाऱ्या आज्ञेने, एकेक पॉलिसी उचलतो. काही पॉलिसींमध्ये कुटुंबातल्या मुख्य सभासदाच्या पॉलिसीचा, म्हणजे मूळ पॉलिसीचा नंबर असतो. तिथला पत्ता घ्यायला प्रोग्रॅम त्याच फाइलवर मूळ नंबराने थेट रीड करतो. पत्ता मिळतो, काम पुढे चालू.

इथेच जागा हरवते. कोबोल प्रत्येक उघड्या फाइलसाठी एकच खूण सांभाळतो, तिला फाइल पोझिशन इंडिकेटर म्हणतात. रीड नेक्स्ट ती खूण पुढे सरकवतो आणि थेट रीडही तीच खूण हलवतो. गंमत वाटेल, पण राइट, रीराइट आणि डिलीट मात्र तिला हात लावत नाहीत. त्यामुळे लोकांचा ठाम समज असतो, अपडेट करूनही जागा बिघडत नाही तर नुसतं वाचून काय बिघडणार! बिघडते ती वाचल्यानेच.

समजा फाइलमध्ये १००१ ते १०१० अशा दहा पॉलिसी आहेत. १००२ ची मूळ पॉलिसी १००७ आहे. प्रोग्रॅम १००२ वर असताना १००७ थेट वाचतो. पुढचा रीड नेक्स्ट देतो १००८. म्हणजे १००३ ते १००७ या पाच गळल्या. त्यातली १००७ वाचली गेली खरी, पण फक्त पत्त्यापुरती.

आता उलटं बघा. १००५ ची मूळ १००२ असेल तर रीड नेक्स्ट १००३ देतो, मग १००४, मग १००५, तिथून परत १००२ वर उडी. हा फेरा आपणहून कधीच थांबत नाही.

तिसरी शक्यता म्हणजे मूळ पॉलिसी फाइलमध्ये नाहीच. थेट रीडला फाइल स्टेटस २३ (रेकॉर्ड सापडला नाही) मिळतो, प्रोग्रॅम पत्ता रिकामा ठेवून पुढे जातो आणि त्यानंतरच्या रीड नेक्स्टला स्टेटस ४६ येतो. ४६ चा अर्थ "पुढचा रेकॉर्ड कोणता हे ठरलेलंच नाही". नापास झालेल्या रीडने किंवा नापास झालेल्या स्टार्टने (दिलेल्या कीवर उभं करणारी आज्ञा) जागा पुसून टाकली, आता पुढे कुठून जायचं?

गळणं, अडकणं आणि ४६ ही तिन्ही एकाच चुकीची रूपं आहेत. ती वेगवेगळ्या तिकिटांवर, वेगवेगळ्या महिन्यांत येतात, म्हणून एकमेकांशी जोडली जात नाहीत. तुमच्या जुन्या तिकिटांत एकाच प्रोग्रॅमवर हे तिन्ही प्रकार दिसले तर आधी हाच संशय घ्या.

दुरुस्ती

जाण्याआधी की जपायची, आल्यावर तिच्या पुढे उभं राहायचं:

    मूव्ह पॉलिसी-नंबर टू जपलेला-नंबर
    मूव्ह पॉलिसी-रेकॉर्ड टू जपलेला-रेकॉर्ड
    मूव्ह मूळ-नंबर टू पॉलिसी-नंबर
    रीड पॉलिसी-फाइल
    (पत्ता उचला)
    मूव्ह जपलेला-रेकॉर्ड टू पॉलिसी-रेकॉर्ड
    मूव्ह जपलेला-नंबर टू पॉलिसी-नंबर
    स्टार्ट पॉलिसी-फाइल की इज ग्रेटर दॅन पॉलिसी-नंबर

यात तीन ठिकाणी हात पोळतात.

एक, ग्रेटर दॅनऐवजी इक्वल टू लिहिलं तर रीड नेक्स्ट तोच रेकॉर्ड परत देतो, कारण स्टार्ट फक्त उभं करतो, वाचत नाही. १००२ दोनदा छापली जाते, किंवा १००२ वर परत मूळ शोधायला जाऊन तिथेच फेरा सुरू होतो. शिवाय मधल्या काळात तो रेकॉर्ड काढून टाकला असेल तर इक्वल टूला २३ मिळतो. ग्रेटर दॅनला त्याची फिकीर नाही, जपलेली की फाइलमध्ये असो वा नसो, तो तिच्या पुढच्या रेकॉर्डवर उभा राहतो.

दोन, जपलेला रेकॉर्ड फाइलमधला शेवटचा असेल तर ग्रेटर दॅनला पुढे काही सापडत नाही आणि स्टार्ट २३ देतो. ही चूक नाही, ही फाइलअखेर आहे. माझ्या अनुभवातला सगळ्यात चिवट प्रकार हाच. शेवटच्या पॉलिसीला मूळ पॉलिसी असणं रोज घडत नाही. जॉब कित्येक आठवडे सुरळीत चालतो आणि एका रात्री शेवटच्या रेकॉर्डवर पडतो. तेव्हा स्टार्टला २३ आला तर अखेरचा फ्लॅग लावा, अबेंड करू नका.

तीन, थेट रीडने रेकॉर्ड एरियातला (वाचलेला रेकॉर्ड ठेवायच्या मेमरीतला) मजकूर बदललेला असतो. तो परत न ठेवता रीराइट केलं तर डायनॅमिक मोडमध्ये रेकॉर्ड एरियात जी की आहे तिचाच रेकॉर्ड बदलतो, म्हणजे मूळ पॉलिसीचा. वर जपलेला-रेकॉर्ड त्यासाठीच आहे.

डुप्लिकेट असलेली अल्टरनेट की

वरचा उपाय प्रायमरी कीवर चोख चालतो. अल्टरनेट कीवर, म्हणजे एजंट कोडसारख्या दुसऱ्या फील्डवरच्या कीवर, तो नवा घोळ घालतो.

एजंट कोडच्या क्रमाने फाइल वाचताय आणि एका एजंटच्या ३१२ पॉलिसी आहेत असं धरा. मध्येच पॉलिसी नंबराने थेट रीड केलं, तर जागाच नाही, क्रमसुद्धा बदलतो. त्या रीडनंतर फाइल प्रायमरी कीच्या क्रमाने चालायला लागते आणि रीड नेक्स्ट दुसऱ्याच एजंटच्या पॉलिसी द्यायला लागतो. परत येण्यासाठी एजंट कोडवर ग्रेटर दॅन केलं तर त्या एजंटच्या उरलेल्या सगळ्या पॉलिसी गळतात. इक्वल टू केलं तर पहिल्या पॉलिसीवर परत.

योग्य रीत अशी: एजंट कोड आणि पॉलिसी नंबर दोन्ही जपा, एजंट कोडवर इक्वल टू स्टार्ट करा आणि जपलेला पॉलिसी नंबर येईपर्यंत रीड नेक्स्ट करत राहा. तुलना "बरोबर" हीच ठेवा, "मोठा" नको. अल्टरनेट इंडेक्समध्ये डुप्लिकेट रेकॉर्ड प्रायमरी कीच्या क्रमाने असतील याची खात्री नसते. बिल्डइंडेक्सने (इंडेक्स नव्याने बांधणारी आज्ञा) बांधल्यावर ते तसे असतात, पण नंतर भर पडलेले रेकॉर्ड त्या गटाच्या शेवटी जोडले जातात. ताज्या रीऑर्गनंतर (फाइल काढून नव्याने भरल्यावर) टेस्टमध्ये पास झालेला प्रोग्रॅम महिनाअखेरीस प्रॉडक्शनमध्ये चुकतो तो इथे.

आणि ही रीत महाग आहे. ३१२ पॉलिसींपैकी प्रत्येकीसाठी पहिल्यापासून मोजत यायचं झालं तर जवळपास ४९ हजार वाचनं होतात, ३१२ च्या जागी! अशा वेळी जागा जपण्याचा हट्ट सोडावा आणि फाइल दोनदा उघडावी.

प्रोग्रॅममध्ये फाइलची दुसरी ओळख, म्हणजे दुसरा सिलेक्ट आणि दुसरा एफडी, जेसीएलमध्ये (जॉब चालवण्याच्या सूचनांमध्ये) दुसरा डीडी (डेटासेटशी जोडणारी ओळ), डेटासेट तोच. एकावर क्रमाने वाचा, दुसऱ्यावर थेट. प्रत्येकाची खूण वेगळी, त्यामुळे जपायचं-परत यायचं काही उरतच नाही. बफरही ज्याचे त्याला देता येतात, क्रमाने वाचणाऱ्याला डेटाचे जास्त, थेट वाचणाऱ्याला इंडेक्सचे जास्त. मूळ पॉलिसीसारखी उडी दर दहा-वीस रेकॉर्डला पडत असेल तर मी प्रायमरी कीवरही हाच मार्ग निवडतो.

दोन गोष्टी मात्र आधी बघून घ्या. डीडीचं नाव वेगळं म्हणजे व्हीसॅमच्या लेखी हे दोन वेगळे वापरकर्ते, त्यामुळे एक बाजू अपडेटसाठी उघडायची असेल तर शेअरऑप्शन्स (एकाच वेळी फाइल कोणी उघडायची याची सेटिंग) २,३ लागतो. पहिला आकडा १ असेल तर दुसरा ओपन नापास होतो. आणि २ मध्ये लिहिणाऱ्याने नुकतंच बदललेलं वाचणाऱ्याला दिसेलच याची हमी नाही, कारण बफर वेगळे. पत्त्यासारखी, या जॉबमध्ये न बदलणारी माहिती घेत असाल तर चालतं. याच जॉबमध्ये बदलत असलेली रक्कम दुसऱ्या बाजूने वाचत असाल तर नको.

आरबीए जपून ठेवू नका

काही जुन्या असेंब्लर सबरूटीनमध्ये केएसडीएसच्या रेकॉर्डचा आरबीए, म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासूनचं बाइटचं अंतर, जपलेला आढळतो. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, इंडेक्स टाळून थेट पोहोचता येईल. पण केएसडीएसमध्ये रेकॉर्डची जागा कायमची नसते. ४०९६ बाइटचा कंट्रोल इंटरव्हल (फाइलमधला रेकॉर्ड ठेवायचा एक खण) भरला आणि मध्ये नवा रेकॉर्ड आला तर इंटरव्हल फुटतो आणि साधारण अर्धे रेकॉर्ड दुसऱ्या रिकाम्या इंटरव्हलमध्ये जातात. त्यांचे आरबीए तिथेच बदलले. शनिवारी रेप्रोने (कॉपी करणारी आज्ञा) फाइल काढून, डिलीट-डिफाइन करून परत भरली तर जवळपास सगळेच बदलले. जुना आरबीए वापरला तर एकतर एरर येते किंवा, जास्त वाईट, भलताच रेकॉर्ड शांतपणे मिळतो.

ईएसडीएसमध्ये, म्हणजे आल्या क्रमाने रेकॉर्ड ठेवणाऱ्या व्हीसॅम फाइलमध्ये, आरबीए टिकतो, कारण तिथे रेकॉर्ड हलत नाहीत, भर शेवटीच पडते. आरआरडीएसमध्ये, म्हणजे क्रमांकाने रेकॉर्ड ठेवणाऱ्या फाइलमध्ये, रेकॉर्डचा क्रमांक टिकतो. केएसडीएसमध्ये फक्त की टिकते.

साधी सीक्वेन्शियल फाइल

इथे की नाही. बीसॅममध्ये, म्हणजे एकेक ब्लॉक (रेकॉर्डचा गट) वाचण्याच्या पद्धतीत, नोट आणि पॉइंट हे दोन मॅक्रो आहेत, नोट शेवटी वाचलेल्या ब्लॉकचा पत्ता देतो, पॉइंट त्या पत्त्यावर नेतो. डीसीबीमध्ये (प्रोग्रॅममधलं फाइलचं वर्णन) मॅकआरएफ आरपी असं सांगावं लागतं आणि नोटच्या आधी सगळे रीड चेक करून पूर्ण झालेले हवेत. एखादा रीड अर्धवट असताना नोट केलं तर मिळणाऱ्या पत्त्यावर विसंबता येत नाही.

ज्या एका गोष्टीवर जवळपास सगळे चुकतात ती अशी: नोट ब्लॉकची जागा देतो, रेकॉर्डची नाही. ३३९० डिस्कवर ८० बाइटचे फिक्स्ड ब्लॉक्ड रेकॉर्ड असतील तर सिस्टिम ब्लॉक साइज २७,९२० धरते. एका ब्लॉकमध्ये ३४९ रेकॉर्ड, एका ट्रॅकवर दोन ब्लॉक, म्हणजे ट्रॅकला ६९८ रेकॉर्ड. आता हजारावा रेकॉर्ड कुठे? ट्रॅक शून्यावर पहिले ६९८. उरलेला ३०२ वा ट्रॅक १ च्या पहिल्या ब्लॉकमध्ये. नोट देईल ०००१०१००: पहिले दोन बाइट ट्रॅक, तिसरा ब्लॉक, चौथा शून्य. पण ६९९ व्या रेकॉर्डवर असताना नोट केलं असतं तरी हाच आकडा आला असता. म्हणून पत्त्याबरोबर ब्लॉकमधला क्रमांक, इथे ३०२, स्वतः जपावा लागतो आणि पॉइंटनंतर तो ब्लॉक वाचून तितके रेकॉर्ड मोजून पुढे जावं लागतं.

हा पत्ता त्याच डेटासेटपुरता, त्याच ब्लॉक साइजपुरता खरा. मधल्या वेळात कुणी फाइल सॉर्ट केली किंवा वेगळ्या ब्लॉक साइजने कॉपी केली तर तो फेकून द्यायचा. ट्रॅकसाठी दोनच बाइट असल्याने ६५,५३५ ट्रॅकची मर्यादाही आहे. त्याहून मोठ्या, लार्ज फॉरमॅट डेटासेटला डीसीबीईमध्ये (डीसीबीची पुरवणी) ब्लॉकटोकनसाइज लार्ज सांगून तीन बाइटांचा ट्रॅक क्रमांक घ्यावा लागतो.

कोबोलमधल्या सीक्वेन्शियल फाइली क्यूसॅमने, म्हणजे एकेक रेकॉर्ड देणाऱ्या पद्धतीने चालतात, तिथे नोट-पॉइंट नाहीच. मोजणी ठेवा आणि तितके रेकॉर्ड वाचून सोडून द्या. ऐकायला ओबडधोबड वाटतं, पण ब्लॉक मोठे असले तर लाखो रेकॉर्ड सोडायला फारसा वेळ लागत नाही.

अबेंडनंतर रिस्टार्ट

इथे जागा जॉबच्या आयुष्याबाहेर जपायची असते आणि नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं. एका जॉबमध्ये पॉलिसी मास्टर व्हीसॅममध्ये, हिशोबाची टेबलं डीबी२ या डेटाबेसमध्ये, आउटपुट सीक्वेन्शियल. दर ५,००० रेकॉर्डला कमिट, म्हणजे तोवरचं काम कायम करणं. १२,३४० व्या रेकॉर्डवर अबेंड. डीबी२ आपोआप १०,००० वर मागे गेला. प्रोग्रॅमने रिस्टार्टसाठी वाचलेल्या रेकॉर्डची मोजणी जपली होती, पण मोजणी वाढत होती रीडनंतर लगेच, आणि कमिट होत होता त्या रेकॉर्डवर काम होण्याआधी. म्हणजे १०,००० वा रेकॉर्ड मोजला गेला, पण त्याचं काम कमिटमध्ये नव्हतं. रिस्टार्ट १०,००१ पासून सुरू झाला. एक पॉलिसी गळली, आणि एकच असल्यामुळे ती सापडायला फार उशीर झाला. त्या पॉलिसीधारकाला विनाकारण थकबाकीचं पत्र गेलं.

म्हणून जपलेल्या जागेचा अर्थ टेबलच्या कॉलमच्या नावातच लिहा. "शेवटची पूर्ण झालेली की" असं नाव असेल तर रिस्टार्टला ग्रेटर दॅन लागणार हे वाचणाऱ्याला कळतं. नुसतं "करंट की" असेल तर अर्धे लोक झालेली समजतात, अर्धे करायची. आणि ती की डीबी२ च्या टेबलमध्ये, कामाच्याच कमिटमध्ये जाऊ द्या. वेगळ्या फाइलमध्ये लिहिली तर काम आणि खूण यांच्यात फट पडते.

डीबी२ मागे गेला तरी बाकीचे दोघे जात नाहीत. आउटपुट फाइलमध्ये १०,००० च्या पुढचे, भरून लिहिले गेलेले ब्लॉक तसेच राहतात. डिस्प मॉडने (फाइलच्या शेवटी भर घालण्याची जेसीएलमधली सूचना) तिच्यातच पुढे लिहिलं तर ते रेकॉर्ड दोनदा. त्यावर उपाय म्हणजे कमिटच्या वेळी आउटपुटची मोजणीही जपायची, रिस्टार्टला जुन्या फाइलमधून तितकेच रेकॉर्ड नव्या जनरेशनमध्ये (फाइलच्या नव्या आवृत्तीत) उतरवायचे आणि तिथून पुढे लिहायचं.

व्हीसॅमचं जास्त कठीण. साध्या बॅचमध्ये व्हीसॅमला रोलबॅक (आपोआप मागे जाणं) नाही. १०,००१ ते १२,३३९ या रेकॉर्डवर झालेली रीराइट तशीच आहेत, आणि रिस्टार्ट त्यांच्यावर पुन्हा काम करणार. "शिल्लक अमुक करा" असं अपडेट असेल तर निभावतं. "शिल्लकमध्ये अमुक मिळवा" असेल तर रक्कम दोनदा पडते. प्रत्येक रेकॉर्डमध्ये शेवटच्या प्रक्रियेची तारीख आणि रनचा क्रमांक ठेवा. तो याच रनचा दिसला तर व्हीसॅमची रक्कम परत मिळवू नका, फक्त डीबी२ आणि आउटपुटचं काम करा. हे फील्ड लेआउटमध्ये नसेल तर भांडून घाला.

सीआयसीएसबद्दल थोडक्यात

सीआयसीएसमध्ये, म्हणजे ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीत, थेट रीड ब्राउझला (क्रमाने चाललेल्या वाचनाला) धक्का लावत नाही, त्यामुळे वरची मुख्य चूक तिथे होत नाही. मात्र टास्क संपली म्हणजे ब्राउझ संपला, म्हणून स्क्रीनवरच्या पानाची पहिली आणि शेवटची की कॉमएरियामध्ये (पुढच्या टास्ककडे जाणारी मेमरी) ठेवून पुढच्या वेळी स्टार्टबीआरने ब्राउझ नव्याने सुरू करावा लागतो. रीडनेक्स्टनंतर रीडप्रेव्ह (मागचा रेकॉर्ड वाचणारी आज्ञा) केलं तर आधी तोच रेकॉर्ड परत येतो. पान मागे घेताना एक ओळ दोनदा दिसते ती यामुळे. तो एक सोडून द्या.

कायमचा पहारा आणि टेस्टची फाइल

प्रायमरी कीच्या क्रमाने वाचणाऱ्या प्रत्येक लूपमध्ये मी आता एक तपासणी घालतो: रीड नेक्स्टने दिलेली की आधीच्या कीपेक्षा मोठी नसेल तर दोन्ही की डिस्प्ले करून तिथेच अबेंड. फेरा पहिल्याच उलट्या उडीला पकडला जातो, डिस्क भरण्याची वाट बघावी लागत नाही. गळती याने सापडत नाही. तिच्यासाठी शेवटी प्रक्रिया झालेल्यांची मोजणी लिस्टकॅटच्या (फाइलची माहिती दाखवणारी आज्ञा) रेक-टोटलशी, म्हणजे फाइलमधल्या एकूण रेकॉर्डच्या आकड्याशी, ताडून बघा. त्याआधी फाइल नीट बंद झालेली आहे ना ते पाहा, अबेंडनंतरचा तो आकडा जुना असू शकतो.

टेस्टसाठी सात रेकॉर्डची फाइल पुरते. १००१ मध्ये मूळ पॉलिसीचा नंबरच नाही, १००२ ची मूळ पुढे १००६ वर, १००४ ची मूळ मागे १००१ वर, १००५ ची मूळ फाइलमध्ये नसलेली, १००६ ची मूळ ती स्वतःच, आणि शेवटच्या १००७ ची मूळ १००३. उरलेली १००३ साधी. चुकीचा प्रोग्रॅम या फाइलवर १००२ नंतर सरळ १००७ वर जातो, तिथून १००४ वर, आणि मग १००२ वर परत. बरोबर प्रोग्रॅम सातही रेकॉर्ड एकेकदाच, क्रमाने देतो आणि स्टार्टच्या २३ वर शांतपणे थांबतो.